कामाच्या कुत्र्याची रक्तपरीक्षा

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कुत्रा केवळ दाराची राखण करीत नाही. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांचे कळप तो लांडग्यांपासून सांभाळतो. पोलिसांच्या श्वानपथकात वासावरून माग काढतो. असा कुत्रा लवकर थकू लागला म्हणजे तो आळशी झाला असे समजले जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा त्याच्या रक्तात असतो.

निरोगी प्रौढ कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा सुमारे ३७ ते ५५ असते. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ते १८ ग्रॅम असते. हे घटले की स्नायूंना प्राणवायू कमी पडतो, कुत्र्यास धाप लागते आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्यास नीट हुंगता येत नाही. रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट पेशी एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे २ ते ५ लाख असतात.

या पेशींचा मोठा शत्रू म्हणजे गोचीडताप. त्याचा एक जंतू १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिला गेला. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून तो रक्तात शिरतो. पहिला ताप काही आठवड्यांत ओसरतो व कुत्रा बरा झाला असे वाटते. परंतु रोग महिनोन्‌महिने लपून राहतो आणि प्लेटलेट कमीच असतात. ही अवस्था रक्तपरीक्षेनेच कळते. पुढे नाकातून रक्त वाहू लागल्यावर उपचार कठीण होतात.

रक्त तपासणीसाठी कुत्रा विश्रांती घेतलेला असावा. धावून आल्यावर प्लीहा आकुंचन पावते व तांबड्या पेशी वाढल्याचे दिसते. खानदेशच्या कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटल्यासही रक्त दाट होते आणि पंडुरोग झाकला जातो. म्हणून अगोदर भरपूर पाणी पाजावे. एकाच आकड्यावर निर्णय करू नये. त्याच कुत्र्याच्या निरोगी काळातील नोंद जपून ठेवावी व तिच्याशी तुलना करावी.

ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी मालकांच्या मनावर बिंबवाव्यात :

(१) हिरड्या दर आठवड्यास पाहाव्यात. त्या पांढुरक्या दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

(२) कान, मान व बोटांच्या बेचक्यांतील गोचिड्या काढाव्यात. मादी भिंतीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून भेगा बुजवाव्यात.

(३) माणसांची तापाची औषधे कुत्र्यास देऊ नयेत. ती घातक ठरतात.

वेळीच निदान झाल्यास बहुतेक कुत्री औषधाने बरी होतात. कळपाचा राखणदार गमावण्यापेक्षा थोडे रक्त तपासून घेणे केव्हाही स्वस्त पडते.