पाणी कोठे अडते?

पाऊस म्हटला की आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो, खाडा कोणाचा होणार? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला ७५ च्या आतच. सरासरी काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जादा बाष्प मावते. मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले, असे शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले.

पण दोष एकट्या आभाळाचा नव्हे. उल्हास नदी घाटातून कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते आणि येथे तिला खाडी भेटते. नेमकी भरती असली की पाणी पुढे सरत नाही, मागे चढते. वालधुनीला लागून घरे आहेत. ती हौसेने बांधलेली नाहीत. कामाच्या जवळ परवडणारी दुसरी जागाच नव्हती.

२७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारावर उतारू सुखरूप बाहेर काढले. फार चांगले झाले. पूर ओसरल्यावर आम्ही पंचनामे पाहिले. त्यांत भिंत होती, भांडी होती. बुडालेल्या रोजाला मात्र रकाना नव्हता. आम्ही तो समासात लिहायला लावला.