चाकातला घुमारा

गणपतीला कोकणात निघालेल्या जुन्या सात-आसनी गाडीत पन्नाशीचा वेग ओलांडला की खालून कुठूनतरी ‘घूंऽऽ’ असा आवाज उठतो. वेग वाढला की चढतो, कमी झाला की बसतो. मागचे म्हणतात टायर, पुढचे म्हणतात इंजिन. मला या आवाजाचं भारी अप्रूप वाटतं, कारण बिघाडाचा पत्ता तो स्वतःच सांगत असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिन शांत झालं तरी घूं तसाच राहिला, तर तो चाकांकडचा.

मग रस्ता. मुंबई-गोवा महामार्गावर काँक्रीट संपून डांबर लागलं, की टायरचा आवाज तिथल्या तिथे बदलतो. काँक्रीट ओलं असतानाच पकडीसाठी त्यावर रेघा ओढतात, त्या रबराला ठोकत राहतात. शिवाय टायर आणि रस्ता यांच्यामधली निमुळती फट लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासारखी तो आवाज मोठा करून बाहेर फेकते.

टायरवरची नक्षी कधी नीट न्याहाळलीय? तिचे ठोकळे सारख्या मापाचे नसतात. लहानमोठे मुद्दाम मिसळलेले असतात. सगळे एकाच मापाचे असते, तर एकाच पट्टीतला सूर प्रवासभर कानाशी घुमला असता. मापं मिसळली की तो विखुरतो आणि नुसती सळसळ उरते. टायर बनवणाऱ्यानं आपल्या कानांचा केवढा विचार केलाय! टायर वेडावाकडा झिजला की ही सगळी योजना फिसकटते. गाडी उभी असताना त्यावरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेनं ठोकळ्यांच्या कडा हाताला अडल्या, तर घूं त्या टायरचा. पुढचे टायर मागे टाकले की आवाजही मागे जातो.

रस्ता बदलूनही आवाज ढिम्म राहिला, तर संशय बेअरिंगवर. इथे वळणं कामाला येतात. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं वाढला, तर बहुतेक उजवीकडचं बेअरिंग गेलेलं असतं. उजवीकडे वळताना वाढला, तर डावीकडचं.

बेअरिंगमधली पोलादी गोळी आणि तिची पोलादी वाट जिथे टेकतात, ती जागा जेमतेम काही मिलिमीटरची. तेवढ्याशा जागेवरचा दाब हवेच्या दाबाच्या दहा हजार पटींवर जाऊ शकतो. दोन गोलसर पृष्ठभाग असे दाबले गेले की आत काय घडतं, याचं गणित हाइनरिश हर्ट्झ या तरुण जर्मन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याला कोडं पडलं होतं ते एकमेकांवर दाबलेल्या काचेच्या भिंगांचं! या गणितातून पुढे कळलं, की सर्वांत मोठा कातर-ताण, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, पृष्ठभागावर नसून किंचित खाली असतो. म्हणून वंगण उत्तम असलं तरी पहिली चीर पुष्कळदा पोलादाच्या पोटात पडते, हळूहळू वर येते आणि एक दिवस बारीकशी खपली उडते. खड्ड्यांचे हादरे आणि पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी हा दिवस लवकर आणतात.

साठच्या वेगाला गाडीचं चाक सेकंदाला साधारण आठ फेरे घेतं. प्रत्येक गोळी त्या खपलीच्या खळग्यावरून जाताना एक ठोका देते. सेकंदात असे कितीतरी ठोके पडले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, सलग सूर ऐकू येतो. आणि हा सूर मोजायचा तोही हर्ट्झमध्येच, त्याच माणसाच्या नावानं.

शेवटची खात्री हातानं करायची. गाडी जॅकनं उचलून स्टँडवर नीट टेकवायची, एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवायचा. कानाला काही कळलं नाही तरी खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. ज्या चाकाला ती लागली, त्याचं बेअरिंग कोकणात निघण्याआधीच बदलून घ्यावं. ते ढिलं झालं की चाक डुगडुगतं, आणि घाटात ते परवडत नाही.