पोटाचा टीबी की क्रोन?

गिरणाकाठच्या भडगावात एखाद्या तरुणाचं पोट महिनोन्‌महिने दुखतं, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, तेव्हा मनात पहिली शंका टीबीची येते. ती रास्तच आहे. आपल्याकडे टीबी भरपूर आहे आणि तो आतड्यालाही होतो. पण हीच लक्षणं क्रोन नावाच्या आजाराचीही असतात, आणि दोघांची आवडती जागाही एकच: लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा. म्हणून काही समज वेळेत दूर व्हायला हवेत.

गैरसमज : हा परदेशातला आजार, इथे होत नाही.
ग्लासगोचे शल्यविशारद डॅल्झिएल यांनी 1913 मध्ये असे रुग्ण नोंदवले आणि 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, हे खरं. भारतात तो जवळजवळ नाहीच, असं डॉक्टरही अनेक वर्षं मानत. दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) पसरली तसे रुग्ण सापडू लागले, आणि आता त्यांची संख्या खरोखरच वाढते आहे.

गैरसमज : खान्देशी तिखटानं आतडं सोलवटलं.
काळ्या मसाल्याची शेवभाजी किंवा हिरव्या मिरचीचं भरीत यांमुळे क्रोन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. त्यामागे आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू आणि बदललेलं राहणीमान यांचा गुंता आहे. आजार उसळलेला असताना तिखट सोसत नाही, ते तेवढ्यापुरतं टाळावं. पण नुसत्या भाताच्या पेजेवर महिने काढायला लावून आधीच खंगलेल्या माणसाला आणखी खंगवू नये. आतडं अरुंद झालं असेल तर चोथा किती खायचा, हे डॉक्टरांनाच विचारावं. बिडी-सिगारेट मात्र आजच सोडावी. धूम्रपानानं क्रोन नक्की बळावतो.

गैरसमज : टीबीच्या गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणजे टीबीच होता.
सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीनं होतं. कोलोनोस्कोपीत दोन्ही आजारांचे व्रण सारखे दिसू शकतात. तुकडा काढून तपासला तर दोन्हींत ग्रॅन्युलोमा नावाच्या गाठी सापडू शकतात. टीबीचा जंतू दिसला तर प्रश्न मिटतो, पण आतड्याच्या तुकड्यात तो बहुधा हाती लागत नाही. जीन-एक्सपर्ट चाचणीही इथे अनेकदा निगेटिव्ह येते. म्हणजे निगेटिव्ह अहवालानं टीबी नाही असं ठरत नाही. अशा पेचात डॉक्टर टीबीचे उपचार सुरू करून पाहतात, आणि ते योग्यच असतं. कारण टीबी असताना चुकून क्रोनची स्टेरॉइड्स दिली, तर टीबी अंगभर पसरू शकतो.

पण पुढचं पाऊल राहून जातं. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात दिसलं की क्रोनच्या बऱ्याच रुग्णांनाही टीबीच्या औषधांनी सुरुवातीला आराम पडतो; आतले व्रण मात्र भरत नाहीत. टीबी असेल तर ते भरतात. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण पाहणं हाच खरा निवाडा. तो न करता टीबीचे उपचार वाढवत नेले तर क्रोन आत वाढत राहतो, आतडं आकसतं, आणि रुग्ण शेवटी आतडं अडल्यावर थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचतो.

गैरसमज : भगंदर आहे, ऑपरेशन केलं की झालं.
भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, तोंडं एकाहून जास्त असतील, सोबत जुलाब आणि वजन घटणं असेल, तर मूळ आतड्यातल्या क्रोनमध्ये असू शकतं. लाजेपोटी रुग्ण ही गोष्ट सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगा, एमआरआय आणि कोलोनोस्कोपी झाल्यावरच ऑपरेशनचं ठरवा.

गैरसमज : बरं वाटलं की औषध बंद.
क्रोन मुळासकट जात नाही. ऑपरेशननंतरही आतडं जोडलेल्या जागेपाशी परत येऊ शकतो. स्टेरॉइड्स भडका विझवण्यापुरतीच, वर्षानुवर्षं घ्यायची नाहीत. अमेरिकेत 1998 मध्ये क्रोनसाठी इन्फ्लिक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाल्यापासून चित्र बदललं. आता भारतातही अशा औषधांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. ती सुरू करण्याआधी लपलेल्या टीबीची तपासणी करावीच लागते, कारण त्यांनी झोपलेला टीबी जागा होऊ शकतो.

क्रोन ताटातून किंवा स्पर्शातून पसरत नाही. आजार आटोक्यात असेल तर लग्न आणि मूल होण्यात सहसा अडचण नसते. फक्त मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आधीच, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, बंद करावी लागतात.

जळगाव, नाशिक, मुंबई, कुठेही दाखवायला जाताना आधीच्या कोलोनोस्कोपीचा अहवाल, तुकड्याच्या काचपट्ट्या आणि सीटी स्कॅनच्या फिल्म सोबत न्या. टीबीचे उपचार चालू असतील तर ते स्वतःहून थांबवू नका, आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: आतले व्रण भरले का, हे पुन्हा कधी पाहायचं?