गुंतवणुकीतील पथ्य : इंडेक्स फंड आणि धृती



आपल्या व्यवसायात निवृत्तिवेतन नाही आणि भविष्यनिर्वाह निधीही नाही. चिकित्सालयाचे दार ज्या दिवशी बंद, त्या दिवसाचे उत्पन्न बंद. म्हणूनच उत्तरायुष्याची तरतूद हा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. आपल्यापैकी अनेक जण अलीकडे कोणाही सल्लागाराविना, स्वतःच्या विचाराने इंडेक्स फंडात पैसे गुंतवितात. मीही त्यांपैकीच एक. हा मार्ग समजण्यास सोपा आहे. आचरण्यास किती कठीण आहे, हे मात्र मी स्वतःच्या खर्चाने शिकलो.

प्रथम स्वरूप पाहू. ‘निफ्टी ५०’ हा राष्ट्रीय शेअर बाजारातील ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक १९९६ मध्ये सुरू झाला. प्रवर्तकांचा वाटा वगळून बाजारात मोकळ्या असलेल्या शेअरांचे मूल्य ज्या कंपनीचे अधिक, तिचे वजन निर्देशांकात अधिक. या यादीचे वर्षातून दोनदा पुनरावलोकन होते. इंडेक्स फंडाचा व्यवस्थापक कोणता शेअर उत्तम याचे निदान करीत बसत नाही. यादीतील कंपन्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम’चा हिशेबी घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ती कंपनी निफ्टीत होती व त्याच महिन्यात वगळली गेली. ज्यांची सारी बचत त्या एका शेअरात होती त्यांचे काय झाले, ते सर्वज्ञात आहे. इंडेक्स फंडधारकाचा मात्र एक लहानसा अंशच गेला.

दुसरा लाभ खर्चाचा. १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध आहेत. त्यांत वितरकाचे कमिशन नसते. एक टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटतो, म्हणून गणित मांडतो. दरमहा १०,००० रुपये २० वर्षे भरले व वार्षिक वाढ १२ टक्के गृहीत धरली, तर सुमारे १ कोटी रुपये होतात. ११ टक्के धरली तर सुमारे ८७ लाख. (ही केवळ गृहीतके आहेत, बाजार कोणालाही दर लिहून देत नाही.) भरलेली मुद्दल दोन्हीकडे २४ लाखच.

आता माझ्या प्रमादाविषयी. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो १२,००० च्या वर होता. चिकित्सालय बंद, रस्ता निर्मनुष्य, दूरचित्रवाणीवर रुग्णांचे आकडे. पुढील काही दिवसांत मी मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेल्या युनिटांपैकी निम्मी विकून टाकली. त्या वेळी निफ्टी ८,५०० च्या आसपास होता. ‘थोडे स्थिर होऊ दे, मग पुन्हा घेऊ’ असे मनाशी ठरविले होते. स्थैर्याची ती घटिका मला दिसली नोव्हेंबरात, निफ्टीने १२,५०० ओलांडल्यावर. विकलेल्या प्रत्येक १०० युनिटांच्या मोबदल्यात जेमतेम ६८ परत मिळाली. गतवर्षी मुलीच्या प्रवेशासाठी जे कर्ज काढावे लागले, ते बव्हंशी त्या आठवड्याचे फळ होय.

त्या वेळी मला ज्ञान नव्हते असे नाही. २००८ च्या जानेवारीत २१,००० पार गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला व पुढे सावरला, हे मी इतरांना सांगत असे. चरकाचार्यांनी प्रज्ञापराधात धी, धृती व स्मृती या तिन्हींचा भ्रंश सांगितला आहे. माझी धी शाबूत होती. ढळली ती धृती, आणि तिच्यामागोमाग स्मृती. पंधरा दिवसांत गुण येत नाही म्हणून गुग्गुळ कल्प सोडणाऱ्या रुग्णावर आपण रागावतो. आपण स्वतः कोणते निराळे आहोत? किंबहुना वैद्याची अडचण अधिकच, कारण लक्षण दिसले की काहीतरी उपाय करावा हीच आपली सवय, आणि येथे बहुतेक वेळा काहीही न करणे हीच चिकित्सा असते.

म्हणून २०२१ मध्ये मी स्वतःचा केसपेपरच लिहून काढला. एक पान पुरले. पैसे कशासाठी, कोणत्या वर्षी लागणार, समभाग व ठेवी यांचे प्रमाण किती (माझे ६० : ४०) आणि ते केव्हा तपासायचे. तपासणीचा दिवस लक्ष्मीपूजनाचा ठेवला. दुकानाच्या वह्या त्या दिवशी उघडतातच. प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक ढळले असेल तरच ते पूर्ववत करायचे, तेही शक्यतो नव्या बचतीतून, कारण विक्री केली की कर उद्भवतो. (२३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभाग-युनिटांवरील १.२५ लाखांपुढील वार्षिक नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.) पडझडीच्या वर्षी हाच नियम आपल्याकडून भीतीच्या काळात खरेदी करवून घेतो. मोबाइलमधील भाव दाखविणारे ॲप काढून टाकले. हा उपाय पोरकट वाटेल, पण निदानपरिवर्जन दुसरे काय असते?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘थांबले की मिळतेच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जुने आकडे पाहावेत. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता; एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षे! लाभांश जमेस धरला तरी हा काळ रुक्षच. म्हणून ज्या वर्षी पैसे हवेत, त्या वर्षापर्यंत सर्व रक्कम समभागांत ठेवणे हे अपथ्य. येथे मला पादांशिक क्रम उपयोगी वाटतो. जसे अहितकर सवय चतुर्थांशाने सोडवितो, तसे गरजेच्या आधीची चार वर्षे दरवर्षी पाव हिस्सा ठेवींकडे वळवावा. मुलीच्या शिक्षणाबाबत मी हे केले असते, तर मार्च २०२० मध्ये माझी झोप इतकी उडाली नसती. धाकट्यासाठी हा क्रम आता सुरू केला आहे.

औषधी दुकानदार मित्रांसाठी निराळी सूचना. एका परिचित व्यावसायिकाने घाऊक विक्रेत्यांची देणी भागविण्याची रक्कमही इंडेक्स फंडात ठेवली होती. २०२० च्या वसंतात गुळवेल व काढ्यांची मागणी अकस्मात वाढली, माल रोखीनेच मिळू लागला, आणि त्यांना तळाच्या भावात युनिटे विकावी लागली. त्यांची धृती ढळली नव्हती; पैसाच चुकीच्या कोठ्यात होता. खेळते भांडवल आणि किमान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेतच असावा. त्यानंतर जे उरते, त्याचाच विचार या लेखात केला आहे.