तेराशे किलोमीटरचा झोत आणि एक प्रयोगशाळा

शिकागोच्या पश्चिमेला, इलिनॉय राज्यातल्या बॅटेव्हिया गावाजवळ ६,८०० एकरांवर फर्मिलॅब ही अमेरिकेची राष्ट्रीय प्रयोगशाळा पसरली आहे. तिथल्या सव्वासहा किलोमीटर परिघाच्या बोगद्यात टेव्हाट्रॉन हा कणत्वरक प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन एकमेकांवर आदळवत असे. १९९५ मध्ये टॉप क्वार्क सापडला तो इथेच, आणि शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधकही होते. जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटरचा एलएचसी हा कणत्वरक पुढे निघून गेल्यावर ३० सप्टेंबर २०११ रोजी टेव्हाट्रॉन थांबला. सर्वाधिक ऊर्जेची शर्यत सोडून फर्मिलॅबने न्यूट्रिनोंकडे मोर्चा वळवला. हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. पण तो अमलात येता येता प्रयोगशाळेची जवळजवळ सारी भिस्त ड्यून या एकाच प्रयोगावर येऊन ठेपली आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

न्यूट्रिनो हे कण तीन प्रकारचे असतात आणि प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या या बदलात फरक आढळला, तर विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का उरले नाही, या कोड्याचा एक धागा हाती लागू शकतो. ड्यूनसाठी बॅटेव्हियाहून सोडलेला झोत जमिनीखालून १,३०० किलोमीटर जाईल. त्याला बोगदा लागत नाही, खडकातून तो आरपार जातो. तो पोहोचेल साउथ डकोटातल्या होमस्टेक या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोलीवर, जिथे प्रत्येकी १७,००० टन द्रवरूप आर्गॉनच्या टाक्या बसायच्या आहेत. याच खाणीत रेमंड डेव्हिस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले आणि त्यांना अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश सापडले. कुणी म्हणाले गणित चुकले, कुणी म्हणाले प्रयोग चुकला. तीसेक वर्षांनी कळले की दोन्ही बरोबर होते, न्यूट्रिनोच वाटेत रूप बदलत होते. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले.

ड्यूनवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: जपानचा हायपर-कामिओकांडे हा २,६०,००० टन पाण्याचा प्रयोग त्याच्या आधी सुरू व्हायचा आहे. चीनच्या जुनो या न्यूट्रिनो प्रयोगाने तर २०२५ मध्येच मोजणी सुरू केली. मग २०३० नंतर येणाऱ्या ड्यूनचे प्रयोजन काय? उत्तर अंतरात आहे. जपानी झोत २९५ किलोमीटर जातो. १,३०० किलोमीटरांत पृथ्वीच्या द्रव्याचा न्यूट्रिनोंवर होणारा परिणाम ठळक होतो, त्यामुळे त्यांच्या वस्तुमानांचा क्रम आणि प्रतिद्रव्याशी असलेला फरक या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. आर्गॉनमध्ये प्रत्येक विद्युतभारित कणाचा माग रेषेसारखा उमटतो. जवळपास एखादा तारा फुटला, तर पाण्यात मुख्यतः प्रतिन्यूट्रिनो सापडतील आणि आर्गॉनमध्ये न्यूट्रिनो. डेव्हिस यांच्या आकड्यावर इतकी वर्षे संशय राहिला तो याच विषयात, म्हणून दोन निराळ्या रीतींनी मिळालेल्या उत्तराचे मोल मला फार वाटते.

मात्र ड्यूनचे समर्थन करणाऱ्यांनी तो कुठून आला हे विसरता कामा नये. फर्मिलॅबमध्ये आर्गोन्यूट नावाचा शोधक होता, त्यात टनभरही आर्गॉन नव्हता. मग १७० टनांचा मायक्रोबून आला. पुढे इटलीत वापरलेला इकारस डागडुजी करून आणला गेला. गळती कशी शोधायची, आर्गॉन कसा शुद्ध राखायचा, हजारो तारांवरचे संकेत कसे वाचायचे, हे या छोट्या प्रयोगांत हात पोळून घेत शिकलेले लोक आज ड्यून बांधत आहेत. म्यूऑन या कणाच्या चुंबकत्वाच्या, फर्मिलॅबमधल्याच ज्या प्रयोगाने अलीकडे जगाचे लक्ष वेधले, त्याचे पंधराएक मीटर व्यासाचे चुंबकीय कडे तर जुनेच, २०१३ मध्ये ब्रुकहेव्हनहून जहाजावरून आणि रस्त्याने आणलेले. त्याचा अंतिम निकाल २०२५ मध्ये आला.

म्हणून असे छोटे प्रयोग चालू राहायला हवेत. यावर कुणी म्हणेल, पैसा मोजका असताना आधी मोठे काम पुरे करा. ड्यूनचा खर्च दीड अब्ज डॉलरांच्या जुन्या अंदाजावरून तीन अब्जांच्या वर गेला आहे, तेव्हा ही घाई समजण्याजोगी आहे. पण मोठ्या कामाची हमी कुणी द्यायची? टेक्सासमधला ८७ किलोमीटरचा सुपरकोलायडर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रद्द केला. आणि कामाची साखळी तुटली की काय होते, हे आपण भारतात पाहिले आहे. वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये जगात प्रथम ज्या ठिकाणांवर नोंदले गेले, त्यांत कोलारची सोन्याची खाण होती आणि त्या कामात टाटा संस्था होती. तिथली प्रयोगशाळा नव्वदच्या दशकात मिटली. थेनीजवळच्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण स्थानिक विरोध आणि न्यायालयीन वादांत ती अडकली. दरम्यान खोल भूगर्भात काम केलेली पिढी निवृत्त झाली.

फर्मिलॅबला यातून वाट काढणे अजून शक्य आहे. पिप-टू हा नवा अतिवाहक रेषीय त्वरक तिथे उभा राहतो आहे, आणि त्याच्या घडणीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र यांचाही हात आहे. हा त्वरक केवळ ड्यूनला झोत पुरवण्यापुरता मानू नये. अमेरिकी कणभौतिकीच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये म्यूऑन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राच्या दिशेने संशोधन करण्याची शिफारस केली. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात त्याला गोळा करून, शिस्तीत आणून, वेग द्यायचा आहे. हे यंत्र झालेच तर ते उभारणारे अभियंते आज तिशीच्या आत आहेत, आणि झोताशी रोज झटापट करायला त्यांना चालते यंत्र आत्ता हवे आहे.