लाईट आल्यावर नॅसचा फोल्डर आपोआप कसा जोडावा

मंडळी, मघाशी लाईट गेली तेव्हा सगळे हसलात. पण आजचा विषय तिथूनच सुरू होतो. कणकवलीत पावसाळ्यात लाईट जाते, येते. आली की कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. राऊटरला थोडा जास्त वेळ लागतो. आणि कोपऱ्यातली नॅसची पेटी, म्हणजे घरादाराचे फोटो, हिशेब ठेवलेली नेटवर्कवरची डिस्क, ती दोन-तीन मिनिटं घेते. कॉम्प्युटर फोल्डर मागतो, तेव्हा पलीकडे द्यायला कोणीच नसतं.

विंडोजवर ड्राइव्हला लाल फुली दिसते, डबल क्लिक केलं की बहुतेक वेळा काम होतं. लिनक्सवर जरा जपायला लागतं. तिथे एफएसटॅब नावाची एक साधी फाइल असते. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरात जोडायची, ते तिच्यात ओळीओळीने लिहायचं. त्या ओळीत बरेच जण 'नोफेल' घालतात. नॅस नसली तरी अडू नको, पुढे जा, एवढाच त्याचा अर्थ.

आता बघा हां, फसगत इथेच आहे. नॅस जोडली गेली नाही, तरी तो फोल्डर जागेवर असतोच. रिकामा, आणि आपल्याच डिस्कवरचा. तुम्ही त्यात फोटो टाकता, ते जातातही. नंतर नॅस जोडली की ते गायब! जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंवर चटई अंथरावी, तसं. फोटो खालीच आहेत, दिसत नाहीत.

याच्या उलटं माझ्या घरी झालं. दशावताराच्या जुन्या कॅसेटी उतरवून नॅसवर ठेवल्या होत्या. रोज रात्री आरसिंक त्यांची प्रत यूएसबी डिस्कवर करायचा, 'डिलीट' पर्यायासकट. एका रात्री नॅस जोडलेली नव्हती. आरसिंकला मूळ फोल्डर रिकामा दिसला, त्याने प्रतही रिकामी केली. इमानदारीत सांगितलेलं काम केलं बिचाऱ्याने. मूळ फाइली नॅसवर शाबूत होत्या म्हणून वाचलो. आता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट' ही कमांड विचारते, फोल्डर खरंच जोडलाय का? नसेल तर तिथेच थांबते.

'नोफेल'च्या जोडीला 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' लिहा. मग बूट होताना जोडणी होतच नाही. फोल्डर पहिल्यांदा उघडाल तेव्हा होते. तोवर नॅस जागी झालेली असते. झाली नसेल तर एरर येते, रिकामा फोल्डर पुढे येत नाही.

पासवर्ड मात्र एफएसटॅबमध्ये नको, ती फाइल कोणीही वाचू शकतं. वेगळ्या फाइलीत ठेवा, तिला 600 परवानगी द्या. राऊटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर लाईट आल्यावर तो बदलू शकतो.

(सांबा हे नाव कुठून आलं, असं मघाशी कोणीतरी विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द शब्दयादीत शोधला, त्यात हा सापडला.)

घरी गेल्यावर एक करा. नॅस रीतसर शटडाऊन करा, पिन उपटू नका. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तो फोल्डर उघडा. एरर आली तर ओळ बरोबर आहे. रिकामा फोल्डर दिसला तर ती पुन्हा तपासायला हवी.