अरुंद टेबलाची परीक्षा

कचेरीतील टेबल ऐसपैस असले म्हणजे कारकुनाचा गबाळेपणा सहसा वरिष्ठांच्या नजरेस येत नाही. चार फायली उघड्या पडल्या तरी पाचवीला जागा उरतेच. टेबल अरुंद असले की मात्र त्याची खरी परीक्षा होते. संगणकाची स्मृती हे असेच टेबल होय, आणि कोणत्या कामाला किती जागा द्यावी हे ठरविणारी ऑपरेटिंग सिस्टिम हा त्यावरचा कारकून.

बंगळूर येथे अशा अरुंद टेबलाचा एक उल्लेखनीय प्रयोग झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून 'सिम्प्यूटर' हे तळहातावर मावणारे यंत्र सिद्ध केले व २००१ साली ते लोकांपुढे ठेवले. त्याची स्मृती अवघी ३२ ते ६४ मेगाबाइट. एकच यंत्र साऱ्या गावाने वापरावे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर राहावी, अशी त्यामागील कल्पना होती. यंत्राचा खप पुढे अपेक्षेइतका झाला नाही, ही गोष्ट निराळी. परंतु नोंद चालू असता अशा यंत्राने मान टाकली, तर ज्याला वाचताही येत नाही त्या माणसाने दाद कोठे मागावी?

सिम्प्यूटर लिनक्स या प्रणालीवर चालत असे. या प्रणालीची एक रीत मोठी मौजेची आहे. तीनशे पानांच्या पंगतीला पाचशे निमंत्रणे धाडणाऱ्या यजमानाप्रमाणे ती आपल्यापाशी असलेल्या जागेहून अधिक जागा कबूल करते. कारण मागितलेली सगळी जागा कोणी सहसा वापरीत नाही. पण सारेच पाहुणे आले तर? मग प्रणाली हिशेब मांडते आणि बहुधा सर्वांत अधिक जागा अडविणाऱ्या कामाला उठवून बाहेर काढते. ते काम नेमके आपल्या नोंदीचेही असू शकते. त्यापूर्वीच यंत्र मंदावते. खाली ठेवलेले पान पुन्हापुन्हा उचलण्यातच त्याचा वेळ जातो.

म्हणून कसोटी घ्यावयाची ती सुखात नव्हे, टंचाईत. मोठ्या संगणकालाही, 'तुजपाशी एवढीच स्मृती आहे असे समज', अशी आज्ञा आरंभीच देता येते. मग एकामागून एक कामे सुरू करावीत आणि यंत्र दिवसेंदिवस चालू ठेवावे. एखादा प्रोग्रॅम घेतलेली जागा परत करण्यास विसरत असेल, तर प्रशस्त यंत्रात ते महिनोन्महिने कळत नाही. येथे लवकर उघडकीस येते.

अशा वेळी काही काम बंद पडणारच. परीक्षकाने पाहावयाचे ते हे, की कोण पडले, उरलेले उभे राहिले काय, आणि अर्धवट नोंद पुसली जाण्याऐवजी यंत्राने 'आता जागा नाही' असे वेळीच सांगितले काय. महत्त्वाच्या कामाला हात लावू नये, असे लिनक्सला आगाऊ बजावता येते. पण अशी सूट सर्वांनाच दिली, तर बाहेर काढावयास कोणी उरत नाही आणि सगळे यंत्रच ठप्प होते.